खाणीची ट्रीप आणि लांबची वाट

गोव्याच्या रस्त्यांचा इतिहास आपल्याकडे बहुधा पुलांच्या नावाने सांगितला जातो. मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कसा कोसळला, त्यानंतर कित्येक वर्षे फेरीबोटींवर कशा रांगा लागायच्या, मग नवा पूल, २०१९ साली अटल सेतू, २०२२ च्या अखेरीस झुआरीवरचा नवा पूल. मंत्र्यांची नावे कोनशिलेवर असतात, म्हणून ती लक्षात राहतात. पण त्या पुलांवरून आपला तांदूळ, कांदा, सिमेंट घेऊन येणाऱ्या माणसाचा इतिहास कोणी लिहिला आहे का? निदान माझ्या वाचनात तरी आलेला नाही. आज त्याच्याविषयी, आणि त्यातही नवख्या ट्रक ड्रायव्हरविषयी थोडे लिहावे असे वाटले. कारण आमच्या पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत गेल्या दहाबारा वर्षांत एक वेगळीच गोष्ट घडली. वीसवीस वर्षे स्टिअरिंग धरलेली माणसे चाळिशीत पुन्हा नवशिकी झाली.

थोडे मागे जाऊ. डिचोली १७८१ साली आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगीजांकडे आले. त्याआधी हा सगळा मुलूख सावंतवाडीच्या भोसल्यांचा. त्यामुळे इथल्या जुन्या वाटा पणजीकडे कमी आणि घाटाकडे जास्त जात. रामघाट, पारपोली म्हणजे आजची आंबोली, आणि चोर्ला. या वाटांनी लमाणांचे बैलांचे तांडे धान्य घेऊन खाली उतरत आणि मीठ घेऊन वर चढत. पेडण्यातल्या आगरवाड्याच्या नावातच मिठाचे आगर आहे. म्हणजे लांब पल्ल्याची मालवाहतूक आपल्याकडे मोटारीबरोबर आली असे नाही. फक्त बैल गेले आणि इंजिन आले. घाट तेच राहिले, आणि घाटाखाली मुक्काम करून पहाटे चढायला लागण्याची रीतही बरीच वर्षे तीच होती.

मध्ये एक काळ असा आला की ही वाटच बंद झाली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रही ठिकठिकाणी सरहद्द ओलांडून गोव्यात शिरले आणि पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. पत्रादेवीला पंजाबातल्या इसरू गावचा तरुण कर्नैलसिंग हुतात्मा झाला. भारत सरकारने आर्थिक नाकेबंदी केली, आगगाडी थांबली, घाटावरचा माल थांबला. हॉलंडचे बटाटे आणि परदेशी तांदूळ यांच्या गोष्टी आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण सर्वांनीच ऐकल्या आहेत. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य आत आले तेव्हा माघार घेणाऱ्या पोर्तुगीजांनी डिचोली, अस्नोडा आणि शापोरा नदीवरचे पूल उडवले. मुक्त गोव्याच्या वाहतुकीची सुरुवात अशी मोडक्या पुलांवरून झाली.

यात एक मौजेची गोष्ट आहे. पोर्तुगालमध्ये १९२८ साली वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालू लागली. पण गोव्याची सरहद्द ब्रिटिश हिंदुस्थानला लागून असल्यामुळे इथे डावी बाजूच कायम राहिली. म्हणून १९६१ नंतर गोव्याच्या ड्रायव्हरला बाजू बदलावी लागली नाही. राज्य बदलले, पण गाडी डावीकडूनच चालत राहिली.

आता आपल्या मूळ विषयाकडे येऊ. नाकेबंदीच्या त्याच काळात एक दुसरी वाट तयार होत होती, खाणीपासून जेटीपर्यंतची. पन्नासच्या दशकात लोहखनिजाला जपानची मोठी बाजारपेठ मिळाली आणि डिचोलीचे डोंगर उघडले गेले. शिरगाव, मये, वेळगे, साखळी या पट्ट्यातून माल ट्रकने नदीकाठी न्यायचा, बार्जमध्ये ओतायचा आणि बार्जने मुरगावला. पाच, दहा, पंधरा किलोमीटरचा पल्ला. दिवसाला जितक्या ट्रीपा, तितके पैसे. शेतीवर भागत नव्हते त्या घरातला मुलगा आधी क्लीनर झाला, मग ड्रायव्हर, मग बँकेचे कर्ज काढून ट्रकाचा मालक. तालुक्यात दारात ट्रक नाही असा वाडा शोधावा लागे.

हे वैभव लाल धुळीचे होते हेही सांगायला हवे. ट्रीपांच्या शर्यतीत किती अपघात झाले, किती कुळागरे आणि शेते मातीखाली गेली, ते या भागातल्या लोकांना सांगायला नको. २०१०-११ च्या सुमारास गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांच्या वर खनिज बाहेर जात होते. एवढा माल रस्त्यावरून वाहिल्यावर रस्त्याचे आणि माणसाचे काय होणार?

पण खाणीच्या ट्रीपेत एक सोय होती, जिची किंमत तेव्हा कोणालाच कळली नाही. ड्रायव्हर संध्याकाळी घरी यायचा. धुळीने माखून का होईना, पण हात-पाय धुऊन घरच्या शीत-कढीला बसायचा. पावसात तर काम बंदच. त्यामुळे चवथीला तो घरात, शिगम्याच्या तोंडावर आजूबाजूला, आणि लईराईच्या जत्रेला धोंड म्हणून व्रताला बसायचे असेल तर चार दिवस गाडी उभी करायलाही मोकळा. हा माणूस ट्रक चालवत होता, पण त्याचे सगळे जगणे गावातच होते.

पेडण्याचे तसे नाही. पेडण्याला खाणीचा असा पट्टा लाभला नाही, त्याला मिळाला हमरस्ता. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग १७, आताचा ६६. पत्रादेवीचा नाका, धारगळ. तिथल्या पोरांनी ट्रक पाहिला तो मुंबईहून येणारा आणि केरळला जाणारा. त्यातले काही क्लीनर म्हणून चढले ते थेट पनवेल, कळंबोलीलाच उतरले. म्हणजे शेजारच्या दोन तालुक्यांत ड्रायव्हर या एकाच नावाचे दोन वेगळे धंदे होते.

सप्टेंबर २०१२ मध्ये शहा आयोगाचा अहवाल आला आणि खाणी थांबल्या. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने मर्यादा घालून परवानगी दिली, काम हळूहळू सुरू झाले, आणि फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने मार्चमध्ये पुन्हा बंद पडले. सरकारने मदतीच्या योजना काढल्या, अर्ज आले, रांगा लागल्या. मी कारकून माणूस, कागद पाहणे हेच माझे काम. त्या दिवसांत ओळखीतली कितीतरी माणसे घरी कागदांची पिशवी घेऊन यायची, आणि अर्ज भरून झाला की थोडा वेळ तशीच बसून राहायची. काहींनी ट्रक भंगारात काढले, काही मिळेल त्या कामावर गेले. आणि काहीजण लांबच्या गाडीवर चढले.

त्यांचा पहिला धडा कागदांचा. खाणीच्या रस्त्यावर सगळे ओळखीचे, पण सरहद्दीपलीकडे तुम्ही कोण हे फक्त कागद सांगतो. आरसी, परमिट, फिटनेस, विमा, पीयूसी, मालाची बिल्टी, आणि २०१८ पासून ई-वे बिल. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि विक्रीकराचे नाके गेले, पण पोलीस, अबकारी आणि वाहतूक खाते गेले नाही. गोव्याच्या ड्रायव्हरला तर पत्रादेवी ओलांडली की लगेच इन्सुलीचा नाका. गोव्याची गाडी म्हटली की केबिनमध्ये बाटली असणारच असा तिथे समज. म्हणून जुने ड्रायव्हर नवख्याला सांगायचे की मित्रासाठी म्हणून एक बाटलीसुद्धा घ्यायची नाही. एका बाटलीपायी माल, गाडी आणि नोकरी तिन्ही अडकतात.

दुसरा धडा घाटाचा. खाणीचा चढउतार करणाऱ्याला घाटाचे भय नसते असे आपल्याला वाटेल. पण दहा मिनिटांचा उतार वेगळा आणि भरल्या गाडीने आंबोली किंवा कशेडी उतरणे वेगळे. ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे, ब्रेकवर पाय ठेवून उतरायचे नाही. ब्रेक तापला की धरत नाही. गाडी उभी केली की आधी चाकामागे गुटका, मग बाकीचे. पावसाळ्यात दरड आणि धुके. कशेडीचा बोगदा २०२३ पासून वापरात येऊ लागला, पण त्याआधीच्या पिढीने तो घाट रात्री, पावसात, पुढच्या गाडीच्या लाल दिव्याकडे बघत पार केला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल वाहून गेला आणि दोन एसटी बसेस माणसांसकट गेल्या. त्या रस्त्यावर नव्याने जाऊ लागलेल्या आमच्या भागातल्या ड्रायव्हरांच्या घरी त्या रात्री काय झाले असेल, याची कल्पना करता येते.

तिसरा धडा सगळ्यात कठीण. साखळीकडच्या एका ड्रायव्हरने तो मला चार शब्दांत सांगितला होता. "घांट कळटा, रात कळना." घाट समजतो, रात्र समजत नाही. खाणीवर त्याने पंचवीस वर्षे गाडी मारली होती, पण पहाटे तीन वाजता झोप डोळ्यांवर कशी येते हे त्याला ठाऊकच नव्हते. अनोळखी धाब्यावर गाडी लावून केबिनमध्ये आडवे व्हायचे, एक कान डिझेलच्या टाकीकडे, दुसरा ताडपत्रीकडे. आंघोळ मिळेल तिथे. भाकरी मिळाली तर मिळाली, नाहीतर दाल-रोटी. कळंबोलीला किंवा न्हावा-शेवाच्या बाजूला माल उतरवायला दोनदोन दिवस थांबायचे आणि परतीचे भाडे मिळेपर्यंत आणखी. रिकामी गाडी आणली तर डिझेलचे पैसे खिशातून. आणि मग पहिली चवथ रस्त्यावर येते. फोनवरून आरती ऐकायची आणि पुढच्या टोलला गाडी लावायची. ज्याची उभी हयात संध्याकाळी घरी येण्यात गेली, त्याला हे शिकायला फार वेळ लागतो. काहींना शेवटपर्यंत जमले नाही. ते परत आले आणि मिळेल त्या पगारावर गावातच राहिले.

कायदा याबाबतीत काय म्हणत होता? नोव्हेंबर २०२५ पर्यंत मोटार वाहतूक कामगार कायदा होता तो १९६१ चा, म्हणजे गोवामुक्तीच्याच वर्षाचा. त्यात दिवसाला आठ तास काम, लांब पल्ल्यावर फार तर दहा, आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असे लिहिले होते. पण तो मुळात लागू व्हायचा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला. डिचोलीत ज्याचा स्वतःचा एकच ट्रक आणि तोच ड्रायव्हर, त्याच्या झोपेला हा कायदा विचारत नव्हता. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर हवेत अशी एक अट होती, तीही २०१८ साली काढून टाकली गेली. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले, ते बरेच झाले. पण झोप येते ती थकव्याने. थंड केबिनमध्ये ती लवकर येईल की उशिरा, हे ड्रायव्हरलाच विचारायला हवे.

कोकण रेल्वेने मात्र एक चांगली गोष्ट केली होती. जानेवारी १९९९ मध्ये कोलाड ते वेर्णा ही रो-रो सेवा सुरू झाली. भरलेला ट्रकच मालगाडीवर चढवायचा, ड्रायव्हरने आपल्याच केबिनमध्ये बसायचे, आणि सुमारे चारशे किलोमीटरचा घाटरस्ता झोपून पार करायचा. देशात ही पहिलीच सोय. पेडण्याच्या बोगद्यातून ट्रक रांगेने जाताना ज्यांनी पाहिले असतील त्यांना ते चित्र आठवत असेल. नवख्या ड्रायव्हरसाठी यासारखे वरदान नाही, कारण जी रात्र त्याला कळत नाही ती त्याच्यासाठी रेल्वे जागते.

या माणसांची आठवण आपल्याला एकदाच झाली, मार्च २०२० मध्ये. सरहद्दी बंद झाल्या, बेळगावची भाजी थांबली आणि दोनचार दिवसांत आपल्या बाजारांत काय अवस्था झाली ते आपण पाहिले. मग माल घेऊन येणाऱ्या गाड्यांना वाट मिळाली. पण त्याच महिन्यांत रोग घेऊन येणारा म्हणून बाहेरून आलेल्या ड्रायव्हरकडे बोटही दाखवले गेले. पाणी विचारले तर लांबूनच बाटली ठेवायची, अशी वागणूक त्यांना मिळाली. त्यांत आपलेच, डिचोली-पेडण्याचे पोरगेही होते, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

२०२४ पासून डिचोलीच्या खाणीवर पुन्हा काम सुरू झाले आहे. ट्रीपा परत येतील, अशी आशा लावून बसलेली घरे आहेत. पण या बारा वर्षांत वाढलेल्या मुलांनी खाणीची ट्रीप पाहिलेलीच नाही. त्यांनी पाहिला तो पंधरा दिवसांनी घरी येणारा बाप. त्यातला एखादा उद्या लायसन्स काढील तेव्हा तो पहिल्याच दिवसापासून लांबच्या वाटेचा ड्रायव्हर असेल. ज्याने दोन्ही वाटा चालवल्या, तो आता साठीकडे झुकला आहे. धुळीचा रस्ता आणि पहाटे तीनचा धाबा या दोन्हींविषयी सांगू शकणारी ही एकच पिढी आहे. पुलांच्या उद्घाटनाच्या तारखा सरकारी दप्तरात मिळतील, त्यांची काळजी नाही. या माणसांच्या गोष्टी मात्र कुठल्याच दप्तरात नाहीत. आपल्या वाड्यावर असा कोणी असेल, तर एखाद्या संध्याकाळी त्याच्याजवळ बसा आणि त्याच्या पहिल्या लांबच्या फेरीविषयी विचारा. आता तो संध्याकाळी घरी असतो.