एमएक्स विरुद्ध झेडवाय

नांदेडला घरी तीन महिने संधिवातात काढून पुण्याला कामावर परतलो. मागणी एवढीच: सकाळी बोटं वळत नाहीत, तर अकराला येतो आणि दोन दिवस घरून काम करतो. उत्तर आलं, "पूर्ण फिट झालात की या."

तेव्हा हा खटला वाचला. खरी नावं कोर्टानंच झाकलेली. एमएक्स हा सरकारी कंपनीतला रोजंदारी कामगार. कायम करण्याआधीच्या तपासणीत एचआयव्ही निघाला. कामाला धडधाकट, तरी यादीतून नाव कापलं. 1997 साली मुंबई हायकोर्टानं सांगितलं, माणूस आज काम करू शकतो का आणि इतरांना धोका आहे का, ते बघा. नाव परत घ्यायला लावलं, वर 40,000 रुपये. (नांदेड-लातूरचे खटले औरंगाबाद खंडपीठात जातात, तेही याच हायकोर्टाचं.)

पण एमएक्सनं सवलत मागितलीच नव्हती! कामाच्या जागी सोयी द्याव्यात हे 2016च्या अपंगत्व कायद्यात आलं, तेही कलम 20 मध्ये सरकारी आस्थापनांपुरतं. शिवाय त्यातल्या 21 प्रकारांत संधिवात नावानं नाही. म्हणजे आम्हा आयटीवाल्यांना घासाघीसच.

मी डॉक्टरांकडून "या वेळेत हे काम करू शकतो" असं लिहून घेतलं. एक दिवस मिळाला. दुसऱ्याचं बोलणं चालू आहे.