जबड्याच्या दुर्मिळ अर्बुदांच्या नोंदी

दात तयार करणाऱ्या ऊतकांपासून जबड्यात दंतजन्य अर्बुदे उद्‌भवतात. त्यांपैकी ॲमेलोब्लास्टोमा बहुधा मारक नसतो. परंतु तो हाड पोखरतो व अपुऱ्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा उद्‌भवतो. भारतातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ मध्ये व पहिली ग्रामीण नोंदणी बार्शी येथे १९८७ मध्ये सुरू झाली. या नोंदण्यांचा भर मारक अर्बुदांवर असल्याने अशा साध्या अर्बुदांची माहिती रुग्णालये व दंत महाविद्यालये यांच्या दप्तरांतच विखुरलेली राहिली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७१ मध्ये त्यांचे पहिले वर्गीकरण प्रसिद्ध केले. पुढे व्याख्याही बदलल्या : केराटिनयुक्त दंतजन्य पुटी २००५ मध्ये अर्बुदांत गणली गेली व २०१७ मध्ये पुन्हा पुटींत समाविष्ट झाली. म्हणून प्रत्येक नोंदीत ऊतकपरीक्षेचा निष्कर्ष, वर्गीकरणाचे वर्ष, शस्त्रक्रियेचा प्रकार आणि दीर्घकालीन पुनर्तपासणी यांचा उल्लेख आवश्यक ठरतो.