तटस्थ राहायचं, पण कोळसा कुठून आणायचा? दुसऱ्या महायुद्धातला स्वीडन

आजचा भाग स्वीडनवर आहे.

बोफोर्स म्हटलं की आपल्याला १९८६ चा तोफांचा करार आठवतो, त्यावरून झालेला गदारोळ आठवतो, आणि मग कारगिल. पण १८१४ नंतर एकही युद्ध न लढलेल्या देशाला तोफा, विमानं, पाणबुड्या सगळं स्वतःच बनवायचा हट्ट का होता? बोफोर्स कंपनी जुनी आहे, पण हा हट्ट पक्का झाला तो १९४० साली.

थोडं मागे जाऊ. पहिल्या महायुद्धातून स्वीडन बाहेर राहिला. युद्ध संपलं, राष्ट्रसंघ आला, आता सैन्य हवंय कशाला असं वातावरण होतं. १९२५ साली तिथल्या संसदेने संरक्षण खर्चाला मोठी कात्री लावली आणि कित्येक रेजिमेंट बंद केल्या. वाचलेला पैसा शाळा, घरं, पेन्शन यांना हवाच होता, त्यामुळे लोकांना हे पटलंही. हिटलर आल्यावर १९३६ मध्ये बजेट वाढवलं, पण सैन्य काही वर्षा-दोन वर्षांत उभं राहत नाही. आपल्याकडे म्हणतात तसं, तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली. ऑगस्ट १९३९ मध्ये पंतप्रधान पेर आल्बिन हान्सन यांनी जाहीर भाषणात सांगितलं की आपली तयारी चांगली आहे. ती तशी नव्हती.

आता व्यापाराकडे बघा. उत्तरेला किरुना आणि येलिवारे इथे उत्तम प्रतीचं लोहखनिज. जर्मनीच्या पोलाद कारखान्यांना ते हवंच होतं, आणि वर्षाला सुमारे १ कोटी टन तिकडे जायचं. उन्हाळ्यात लुलेओ बंदरातून, आणि हिवाळ्यात तिथला समुद्र गोठला की रेल्वेने नॉर्वेतल्या नार्विकला नेऊन. उलट बाजूने स्वीडनकडे स्वतःचा कोळसा जवळजवळ नव्हता, तेल नव्हतं. हे सगळं समुद्रातून यायचं.

९ एप्रिल १९४० ला जर्मनीने डेन्मार्क आणि नॉर्वेवर हल्ला केला आणि स्वीडनचा पश्चिमेकडचा रस्ता बंद झाला. ब्रिटनचा कोळसा थांबला. आता कोळसा देणारा एकच, जर्मनी. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, अख्खा देश एकाच सर्व्हरवर चालू होता आणि त्याचं बटण बर्लिनमध्ये होतं.

शस्त्रांचंही तेच झालं. स्वीडनने अमेरिकेकडून लढाऊ विमानं मागवली होती. सेव्हर्स्की कंपनीची १२० ठरली, हातात आली ६०. अमेरिकेने १९४० मध्ये निर्यात रोखली आणि उरलेली स्वतःच्या हवाई दलाला घेतली. मग मिळेल ती इटालियन विमानं घ्यावी लागली, आणि स्टीलचा सांगाडा व प्लायवूड वापरून ‘जे २२’ नावाचं विमान घरीच बनवावं लागलं. रस्त्यावर हजारो गाड्या लाकडाच्या गॅसवर धावत होत्या. कॉफीवेड्या देशात कॉफी रेशनवर आली.

हात असा दगडाखाली सापडल्यावर किंमत मोजावी लागली. नॉर्वेने शस्त्रं खाली ठेवल्यावर, जुलै १९४० मध्ये, स्वीडनने जर्मन सैनिकांना रजेवर जाण्यायेण्यासाठी आपली रेल्वे वापरू दिली. १९४३ पर्यंत असे २० लाखांहून जास्त प्रवास झाले. जून १९४१ मध्ये तर एक अख्खी जर्मन डिव्हिजन नॉर्वेहून स्वीडनमार्गे फिनलंडच्या आघाडीवर गेली. आपला देश व्यापणारे सैनिक शेजाऱ्याच्या गाडीत बसून आरामात जातायत, हे नॉर्वेच्या लोकांना कसं वाटलं असेल?

पण याच काळात आत दुसरं काम चालू होतं. १९४२ च्या ठरावातलं वार्षिक संरक्षण बजेट १९३६ च्या ठरावाच्या जवळपास पाचपट होतं. सैन्य उभं राहत गेलं, जर्मनी रशियात अडकत गेली, आणि स्वीडनचा आवाज वाढला. ऑगस्ट १९४३ मध्ये सैनिकांची ती रेल्वे वाहतूक बंद. ऑक्टोबरमध्ये डेन्मार्कहून बोटींतून आलेल्या ७ हजारांहून जास्त ज्यूंना आसरा. १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या दबावाखाली एसकेएफने जर्मनीला जाणारे बॉल बेअरिंग कमी केले. हीच ती एसकेएफ, जिचा कारखाना आपल्या चिंचवडला आहे. हेच बेअरिंग ब्रिटन विमानांतून गुपचूप घेऊन जात होता. वर्षाअखेरीस जर्मनीला जाणारं खनिजही थांबलं.

मग स्वीडन बरोबर होता का? माझं मत सांगतो. १९४० मध्ये त्यांच्याकडे फारसा पर्याय नव्हता, आणि देश व्यापला गेला असता तर डेन्मार्कच्या त्या बोटी जाणार कुठे? पण पर्याय उरला नाही याचं एक कारण १९२५ चा ठराव होता, आणि त्या स्वस्त बजेटच्या बिलाचा काही भाग नॉर्वेने भरला. हे दोन्ही खरं आहे, आणि एकाने दुसरं पुसलं जात नाही.

युद्धानंतर स्वीडनने धडा घेतला. साब कंपनीने तुन्नान, द्राकेन, व्हिगेन अशी एकामागून एक विमानं बनवली. पण छोट्या देशाला फक्त स्वतःसाठी तोफ बनवणं परवडत नाही, कारखाना चालू ठेवायला गिऱ्हाईक शोधावं लागतं. आपला १९८६ चा करार या हिशोबातही बसतो.

आणि गंमत बघा, शीतयुद्ध संपल्यावर पुन्हा कात्री लागली, गोटलंड बेटावरची कायमची तुकडीसुद्धा हटवली. रशियाने क्रिमिया घेतल्यावर ती परत आणायला लागली. ७ मार्च २०२४ ला स्वीडन नाटोत गेला आणि दोनशे वर्षांचा एक अध्याय संपला.

संरक्षण बजेटची चर्चा ऐकताना म्हणूनच मी हल्ली आयातीची यादीही बघतो. तेल, खत, चिप्स, औषधांचा कच्चा माल. कुठली वस्तू एकाच दारातून येते, ते तपासतो. तुमच्या मते आपली अशी वस्तू कोणती? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.