फेयार्ड निकोलस : टॅप नृत्याचा अनभिषिक्त सम्राट

हॉलिवूडच्या संगीतपटांच्या सुवर्णकाळातील श्रेष्ठ टॅप नर्तक फेयार्ड निकोलस यांचा जन्म २० ऑक्टोबर १९१४ रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात मोबील येथे एका कृष्णवर्णीय कलावंत कुटुंबात झाला. वडील ड्रमवादक, तर आई पियानोवादक होत्या. फिलाडेल्फियातील स्टँडर्ड थिएटरमध्ये ते वाद्यवृंद चालवीत. पहिल्या रांगेत बसून लहानगा फेयार्ड नर्तकांचे निरीक्षण करी. नृत्याचे रीतसर शिक्षण त्यांनी कधीच घेतले नाही. धाकटा भाऊ हॅरॉल्ड यालाही त्यांनीच शिकविले आणि ‘निकोलस बंधू’ ही जोडी उदयास आली.

१९३२ मध्ये ही जोडी न्यूयॉर्कच्या ‘कॉटन क्लब’मध्ये दाखल झाली. रंगमंचावर कृष्णवर्णीय कलावंत आणि समोर गोरे प्रेक्षक, अशी तेथील रीत होती. १९४० च्या ‘डाउन अर्जेंटाइन वे’ या चित्रपटाने दोघांना देशभर ख्याती मिळवून दिली.

त्यांच्या कारकिर्दीचा कळस म्हणजे १९४३ चा ‘स्टॉर्मी वेदर’. कॅब कॅलोवे यांच्या वाद्यवृंदातून उड्या घेत दोघे भाऊ भव्य जिन्यावर पोहोचतात आणि एकमेकांच्या डोक्यावरून झेपावत, दोन्ही पाय पुढे-मागे सरळ पसरून पायरी-पायरीवर उतरतात. पुढच्याच क्षणी ते हातांचा आधार न घेता ताठ उभे राहतात. हे नृत्य तालमीविना एकाच प्रयत्नात चित्रित झाल्याचे फेयार्ड सांगत. फ्रेड अस्टेअर यांनीही त्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली होती.

एवढे कौशल्य असूनही मुख्य भूमिका मात्र त्यांच्या वाट्याला आल्या नाहीत. गोऱ्या कलावंतांच्या चित्रपटांत त्यांची नृत्ये बहुधा कथानकापासून अलग ठेवली जात. दक्षिणेकडील राज्यांतील चित्रपटगृहांना ती कापून टाकता यावीत, हा त्यामागचा हिशेब. १९४८ च्या ‘द पायरेट’मध्ये ते जीन केली यांच्यासमवेत बरोबरीने नाचले, पण दक्षिणेतील काही शहरांत ते दृश्य वगळण्यात आले. त्यानंतर हॉलिवूडची दारे जवळपास बंद झाली आणि या बंधूंना युरोपातील रंगमंचाने आसरा दिला.

मानसन्मान आले ते उतारवयात. ‘ब्लॅक अँड ब्लू’ या ब्रॉडवेवरील प्रयोगाच्या नृत्यदिग्दर्शनासाठी फेयार्ड यांना १९८९ मध्ये इतरांसमवेत टोनी पुरस्कार मिळाला. १९९१ मध्ये दोघा बंधूंना केनेडी सेंटरचा बहुमान लाभला. हॅरॉल्ड यांचे २००० मध्ये, तर फेयार्ड यांचे २४ जानेवारी २००६ रोजी वयाच्या ९१ व्या वर्षी लॉस एंजेलिस येथे निधन झाले.