चौतीस तास, सतरा मैल

जून १९९५मध्ये ‘रॉयल मॅजेस्टी’ हे प्रवासी जहाज अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतलं. इंजिन ठणठणीत होतं, सुकाणू शाबूत होतं. बिघडली होती फक्त छतावरची एक केबल. ‘आमचा जीपीएस मधूनच जातो आणि पुन्हा येतो’ असं सांगणाऱ्या प्रत्येक नौकावाल्याने हा घटनाक्रम नीट वाचावा.

९ जून, दुपारी १२:००
बर्म्युडातल्या सेंट जॉर्ज बंदरातून जहाज निघालं. जहाजावर पनामाचा झेंडा होता, प्रवासी आणि कर्मचारी मिळून १,५०९ माणसं होती. बोस्टन ६७७ सागरी मैलांवर होतं.

१२:३०
नॅव्हिगेटरने जीपीएस आणि लोरान-सी यांची ठिकाणं ताडून पाहिली. लोरान-सी ही किनाऱ्यावरच्या मनोऱ्यांवरून जागा सांगणारी जुनी यंत्रणा. दोहोंमध्ये मैलभराचाच फरक होता.

१२:५२
जीपीएसला उपग्रह दिसेनासे झाले.

इथे जरा थांबायला हवं. अँटेना आधी रडारच्या डोलकाठीवर होता. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, अधूनमधून त्याचे अलार्म वाजत, म्हणून काही महिन्यांपूर्वी तो तिथून हलवला होता. नव्या जागी केबल छतावरून उघडीच नेलेली होती. येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय अडकेल अशी, आणि वरून रंगाचे हातही फिरलेले. ती अँटेनाच्या जोडापाशी निसटली. उपग्रह वीस हजार किलोमीटरवर असतात आणि त्यांचा संकेत खाली पोचेपर्यंत इतका क्षीण होतो की जोड सैल झाला किंवा केबलमध्ये खारं पाणी शिरलं, तरी तो संपतो. जोड पुरता तुटला नसेल तर लाटेच्या हेलकाव्यासरशी संकेत येतो आणि जातो. नौकांवरच्या ‘अधूनमधून’च्या तक्रारींमागे पुष्कळदा हेच असतं.

संकेत गेल्यावर यंत्र सेकंदभर चिवचिवलं, मनगटी घड्याळाच्या अलार्मसारखं. मोठा बाहेरचा अलार्म जोडलेलाच नव्हता. पडद्याच्या कोपऱ्यात ‘डीआर’ आणि ‘एसओएल’ ही बारीक अक्षरं उमटली. डीआर म्हणजे डेड रेकनिंग: जहाजाचं तोंड कुठे आहे आणि वेग किती आहे एवढ्यावरून जागेचा हिशेब. एसओएल म्हणजे उपग्रहांवरून काढलेलं उत्तर आता मिळत नाही. पण अक्षांश-रेखांशाचे आकडे मात्र पहिल्यासारखेच बदलत राहिले. माझ्या मते खरा घात इथेच झाला. पडदा कोरा पडला असता तर पाच मिनिटांत कोणीतरी छतावर चढलं असतं.

त्यात ऑटोपायलट. जीपीएसची जागा तो आपल्या हिशेबाशी ताडून पाहायचा आणि तफावत दिसली तर ओरडायचा. पण आता दोघंही एकाच होकायंत्रावरून आणि एकाच वेगमापकावरून हिशेब करत होते. तफावत येणार कुठून? ईशान्य-पूर्वेचा वारा आणि समुद्र जहाजाला हळूहळू पश्चिम-नैर्ऋत्येकडे ढकलत होते. होकायंत्राला ते कळत नाही, वेगमापकालाही कळत नाही.

रात्र गेली, दुसरा दिवसही बराचसा गेला. अधिकारी दर तासाला नकाशावर खूण करत होते, प्रत्येक खूण ठरल्या रेघेवर. लोरान-सी शेजारीच चालू होतं. पण जीपीएस बंद पडला तरच ते वापरायचं, अशी समजूत होती.

१० जून, दुपारी ४:४५
कॅप्टनने ब्रिजवर फोन केला. बोस्टनच्या जहाजमार्गाच्या दक्षिण तोंडाशी असलेला ‘बीए’ बोया कधी दिसेल? चीफ ऑफिसर म्हणाला, अडीच तासांनी.

६:४५
रडारवर सात मैलांवर एक ठिपका दिसला. बोया जिथे हवा तिथेच, वेळेवर.

७:२०
ठिपका डाव्या अंगाने दीड मैलावरून मागे गेला. मावळतीचा उजेड डोळ्यांवर येत असल्याने तो कोणता बोया आहे हे प्रत्यक्ष दिसलं नाही. चीफ ऑफिसरने तो ‘बीए’ धरला. तो बहुधा ‘एआर’ होता, पंधराएक मैल पश्चिम-नैर्ऋत्येला, बुडालेल्या जहाजाची जागा दाखवणारा. योगायोग म्हणावा तर असा.

८:००
पहाऱ्यावर सेकंड ऑफिसर आला. रडार सहा मैलांच्या टप्प्यावर.

८:३०
डाव्या बाजूच्या टेहळ्याने पिवळा दिवा दिसल्याचं सांगितलं. थोड्याच वेळात दोन्ही टेहळ्यांना उंचावर तांबडे दिवे दिसले. भर समुद्रात उंच तांबडे दिवे सहसा नसतात. ऑफिसरने ‘ठीक’ म्हटलं.

याच सुमारास रेडिओच्या चॅनल १६वर मच्छीमार नौका प्रवासी जहाजाला हाका मारत होत्या. उत्तर गेलं नाही.

९:४५
कॅप्टनने विचारलं, पुढचा ‘बीबी’ बोया दिसला का? सेकंड ऑफिसर ‘हो’ म्हणाला. तो दिसला नव्हता. जीपीएसप्रमाणे जहाज बरोबर जागी होतं, तेव्हा रडारने बोया टिपला नसेल, असं त्याने मनाशी धरलं होतं.

१०:००
कॅप्टन स्वतः वर आला. नकाशावरच्या खुणा पाहिल्या, पडदा पाहिला आणि दहा मिनिटांत खाली गेला. दोन्हींवर जीपीएसचीच जागा.

त्यानंतर टेहळ्या म्हणाला, समोर पाणी निळं-पांढरं दिसतंय. उथळ जागी फुटणारं पाणी! जहाज त्यातून तसंच पुढे गेलं.

१०:२०
जहाज अचानक डावीकडे वळलं, मग झटक्याने उजवीकडे, आणि कललं. कॅप्टन धावत आला. त्याने दुसरं रडार बारा मैलांवर लावलं. नॅन्टकेट बेट दहा मैलांच्याही आत! त्याने सुकाणू पूर्ण उजवीकडे घ्यायला सांगितलं.

१०:२५
नॅन्टकेटच्या पूर्वेच्या ‘रोज अँड क्राउन’ या वाळूच्या उथळ पट्ट्यात जहाज रुतलं, ठरल्या मार्गापासून सतरा मैल दूर.

कॅप्टनने तेव्हा लोरान-सीकडे पाहिलं. त्यावर जागा बरोबर होती. खोली मोजणाऱ्या यंत्राचा अलार्म शून्य मीटरवर लावलेला आढळला; म्हणजे तळ लागेपर्यंत तो वाजणारच नव्हता.

दुसऱ्या रात्री टगबोटींनी जहाज ओढून काढलं. कोणालाही इजा झाली नाही, ही केवढी मोठी गोष्ट. नुकसान मात्र सुमारे ७० लाख डॉलरचं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९७च्या अहवालात अधिकाऱ्यांचा यंत्रावरचा अतिविश्वास, कंपनीचं अपुरं प्रशिक्षण आणि यंत्रणेच्या रचनेतले दोष, तिन्हींवर बोट ठेवलं. मला तो निवाडा न्याय्य वाटतो. एकट्या सेकंड ऑफिसरवर खापर फोडून भागलं नसतं.

केबल हे एकच कारण नाही. २००१मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग बंदरात सगळ्यांचाच जीपीएस जाऊ लागला. शोधाला महिने लागले. दोषी निघाले नौकांवरचे टीव्हीचे अँटेना: त्यांचे बिघडलेले ॲम्प्लिफायर जीपीएसच्याच रेडिओ-पट्ट्यात गोंगाट करत होते. कधी अँटेनावर डोलकाठीची सावली असते, कधी इंजिन सुरू करताना बॅटरीचा दाब पडतो. अलीकडे युद्धक्षेत्रांजवळ मुद्दाम जॅमिंगही होतं, म्हणजे संकेत बुजवला जातो.

आपल्या कोकणातल्या ट्रॉलरवरही आज जीपीएस असतो. पावसाळी मासेमारी बंदीत नौका किनाऱ्यावर असतात, तेव्हा तांडेलांनी आणि मालकांनी एवढं करावं: अँटेनाची केबल टोकापासून टोकापर्यंत हाताने चाचपावी, हिरवट पडलेला जोड बदलून घ्यावा, आणि अँटेना मुद्दाम काढून पाहावा. संकेत गेल्यावर आपलं यंत्र पडद्यावर काय दाखवतं आणि कसं वाजतं, हे नौकेवरच्या प्रत्येक खलाशाला किनाऱ्यावरच दाखवून ठेवा.