तालमीतला फुटबॉल आणि एक राहिलेली रजा

मंगळवार पेठेत राहणाऱ्या माणसाला फुटबॉलबद्दल मत नसेल तर त्याला इथं कोणी पाणी विचारणार नाही. मी चाळीसेक वर्षं मुलांना इतिहास शिकवला, पण पेठेत आजही माझी किंमत ठरते ती पाटाकडील तालमीच्या जुन्या सामन्यांबद्दल मला काय आठवतं यावर. परवा कट्ट्यावर असाच विषय निघाला आणि मनात बरेच दिवस घोळत असलेली एक गोष्ट लिहून टाकावी असं वाटलं. गोष्ट थोडी इतिहासाची आहे, थोडी माझी.

बाहेरगावच्या पाहुण्याला पहिला प्रश्न पडतो तो नावांचा. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. ही फुटबॉल संघांची नावं कशी? तालीम म्हणजे तांबडी माती, लंगोट, जोर-बैठका. तिथं हा विलायती चेंडू कुठून आला?

उत्तर कोल्हापूरच्या इतिहासात आहे. राजर्षी शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले आणि १९२२ साली गेले. या काळात त्यांनी कुस्तीला जो आश्रय दिला त्याची साक्ष म्हणून १९१२ सालचं खासबाग मैदान आजही आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर उभं आहे. पेठेपेठेत तालमी होत्या. तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे, ती पेठेची चावडीच. गणपती तिथं, भांडण तिथं, समेटही तिथंच. पुढं छत्रपती घराण्याच्या आश्रयानं फुटबॉल इथं रुजला, तेव्हा त्याला नवे क्लब शोधत बसावं लागलं नाही. पोरं तालमीत तयारच होती. मातीतल्या पोरांनी बूट चढवले (बऱ्याच जणांनी तेही नाही!) आणि तालमीचंच नाव घेऊन मैदानात उतरली.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. राज्य गेलं, पण मला नेहमी वाटतं की पेठांनी आपापली छोटी राज्यं राखून ठेवली. शाहू स्टेडियमवर मंगळवार पेठेचा संघ शिवाजी पेठेच्या संघाशी खेळतो तेव्हा दोन देश समोरासमोर उभे असल्यासारखं वाटतं. निशाणं वेगळी, घोषणा वेगळ्या, आणि वेळ आली तर मारामारीसुद्धा! आमच्या लहानपणी आम्ही पायऱ्यांवर जागा मिळावी म्हणून दुपारची जेवणं टाकून पळत असू. विश्वचषकाच्या वर्षी गल्लीत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, खेळाडूंचे कटआऊट उभे राहतात. ज्यांनी ब्राझील नकाशावर कधी दाखवला नसता अशा माझ्या विद्यार्थ्यांना तिथल्या डाव्या बगलेवर कोण खेळतो हे तोंडपाठ असे.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक भारतात झाला. चोवीस देश आले होते. यजमान म्हणून आपल्याला प्रवेश मिळाला आणि कुठल्याही वयोगटात फुटबॉलच्या विश्वचषकात भारताचा संघ खेळण्याची ती पहिलीच वेळ. १९७४ साली आपल्या युवा संघानं बँकॉकला इराणबरोबर आशियाई युवा स्पर्धेचं विजेतेपद वाटून घेतलं होतं, पण ते आता किती जणांना आठवतं! स्पर्धेच्या आधी, १५ सप्टेंबरला, आपल्या राज्यात दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा असा सरकारी उपक्रमही झाला.

त्या भारतीय संघात एकवीस मुलं होती. त्यातली आठ मणिपूरची. एवढंसं राज्य, पण संघाचा कर्णधार अमरजितसिंग कियाम तिथलाच. आणि या एकवीस जणांत एक अनिकेत जाधव होता. आमच्या कोल्हापूरचा! (अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे हे संघातलं दुसरं मराठी आडनाव.)

६ ऑक्टोबरला दिल्लीत अमेरिकेविरुद्ध पहिला सामना होता. आम्ही वीस-पंचवीस जण मंडळाच्या खोलीत टीव्हीसमोर बसलो होतो. अनिकेत आघाडीला खेळत होता. त्याच्याकडे चेंडू गेला की खोलीतल्या म्हाताऱ्यांनासुद्धा उभं राहावंसं वाटे. सामना आपण ३-० असा हरलो, पण त्या रात्री कोणी शिव्या घातल्या नाहीत. आमच्या पेठेत ही घटना ऐतिहासिकच म्हणायला हवी.

माझ्या शेजारी माझा एक जुना विद्यार्थी बसला होता. त्याचं नाव लिहीत नाही. आता त्याचं गॅरेज आहे, केस पांढरे झालेत. १९८४ च्या सुमारास तो माझ्या वर्गात होता, नववीत. गणितात काठावर, इतिहासात काठाच्या खाली, पण शाळेच्या मैदानावर त्याच्या पायातून चेंडू काढून घेणारा कोणी नव्हता. कुमार गटाच्या निवड चाचणीसाठी त्याला पुण्याला बोलावणं आलं आणि त्याच दिवशी सहामाहीचा पेपर होता. वडील त्याला घेऊन शाळेत आले. म्हणाले, "सर, एका दिवसाची रजा द्या, पेपर नंतर घ्या." वर्गशिक्षक म्हणून माझी शिफारस पुरेशी होती. मी दिली नाही. उलट चार शब्द सुनावले, की फुटबॉलनं पोट भरत नाही. वडिलांनी मान डोलावली. मास्तर म्हणजे शब्द खाली पडू न देण्याचा तो काळ. मुलगा पेपरला बसला आणि नापास झाला.

याच वर्गाला मी खाशाबा जाधवांचा धडा रंगवून सांगत असे. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवणारे खाशाबा. त्यांना पाठवायला पैसे कमी पडले तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, हे सांगताना माझा आवाज भरून येई. शेजारच्या कॉलेजातल्या प्राचार्यानं विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकलं, आणि मला एका दिवसाची रजा देववली नाही. ही विसंगती मला तेव्हा दिसली नाही. अनिकेतला टीव्हीवर पाहताना दिसली.

अनिकेत कसा घडला? लहान वयातच तो कोल्हापूर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, पुढं पुणे एफसीच्या अकादमीत. म्हणजे कोणीतरी त्याला वेळेवर जाऊ दिलं. इथं फुटबॉलचं वेड असूनही मूल घडायला गाव सोडावं लागलं, हेही त्यातच आलं. आमचं सारं प्रेम मोठ्या संघावर, पेठेच्या इभ्रतीवर. तेरा-चौदा वर्षांच्या पोरांचा सामना असेल तर पायऱ्या रिकाम्या.

आइसलँडचं उदाहरण बघा. त्या देशाची लोकसंख्या २०१८ च्या सुमारास साधारण साडेतीन लाख होती, आणि २०११ च्या जनगणनेत एकट्या कोल्हापूर शहराची साडेपाच लाखांच्या जवळ! बर्फामुळे तिथं वर्षातले कित्येक महिने बाहेर खेळता येत नाही. त्यांनी २००० नंतर छप्पर असलेली मोठी मैदानं बांधली आणि लहान मुलांना शिकवायलासुद्धा प्रशिक्षण घेतलेले मार्गदर्शक नेमले. २०११ साली त्यांचा एकवीस वर्षांखालचा संघ युरोपच्या स्पर्धेत पोचला, गटातच बाहेर पडला. पण त्याच पोरांतली बरीचशी २०१६ साली इंग्लंडला २-१ असं हरवणाऱ्या संघात होती. २०१८ च्या विश्वचषकात त्यांनी अर्जेंटिनाला १-१ असं रोखलं आणि त्यांच्या गोलरक्षकानं मेस्सीची पेनल्टी अडवली. आमच्या गल्लीतल्या अर्जेंटिनावाल्यांनी त्या रात्री झेंडा उतरवला होता. त्या संघाचा प्रशिक्षक पेशानं दातांचा डॉक्टर! म्हणजे सवड काढली तर मास्तरालाही काही करता आलं असतं.

दुसऱ्या सामन्यात, ९ ऑक्टोबरला, मणिपूरच्या जॅक्सन सिंगनं कोलंबियाविरुद्ध ८२ व्या मिनिटाला डोक्यानं गोल केला. विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. मिनिटभरातच कोलंबियानं दुसरा गोल मारला आणि आपण २-१ हरलो. पुढं घानाकडून ४-० हरून स्पर्धेबाहेर. हिशेब मांडला तर तीन सामने, तीन पराभव. पण त्या एका मिनिटात आमची खोली जशी ओरडली तशी मी शाहू स्टेडियमवरही क्वचित ऐकली आहे.

त्या रात्री घरी परतताना मी माझ्या विद्यार्थ्याला ती तेहेतीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट विचारलीच. म्हटलं, आठवतं का? तो हसला. म्हणाला, "आठवतंय की सर. तुमी सोडलं असतं तर मी लई दिवे लावले असते असं न्हाई. पण एकदा बघून तरी आलो असतो."

मला माफीही मागता आली नाही. जन्मभर समोरच्याला चूक दाखवायची सवय लागलेल्या माणसाला ते जमत नाही.

हल्ली त्याचा नातू सकाळी चेंडू घेऊन जाताना दिसतो. मी फिरायला निघतो तेव्हा मुद्दाम त्या मैदानावरून जातो आणि थोडा वेळ कठड्यावर टेकतो. दहा-बारा पोरं असतात, बघणारा मी एकटाच. पेठेतल्या मंडळींना माझी एवढीच विनंती आहे की कधीतरी सकाळी तिकडं या. आणि तुमच्यापैकी कोणी शिक्षक असेल, आणि रजेचा अर्ज घेऊन कोणी पोरगा दारात उभा असेल, तर सही करून टाका. पेपर नंतर घेता येतो.