अब्रुत्सीच्या डोंगरातली पनाह

दुसऱ्या महायुद्धाचा धडा शिकवताना हिटलर येतो, चर्चिल येतो, हिरोशिमा येते आणि तास संपतो. त्या धड्यात कोकणातला माणूस कुठेच दिसत नाही. पण तो तिथे होता. मराठा लाइट इन्फन्ट्रीत कोकणातल्या मराठ्यांची भरती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. रत्नागिरीच्या खेड्यापाड्यांतून एक पोरगा बेळगावला पलटणीत, तर दुसरा मुंबईला गिरणीत किंवा जहाजावर, हीच पोटाची सोय होती.

२१ जून १९४२ रोजी लिबियातले तोब्रुक जर्मन सेनापती रोमेलच्या हाती पडले. ते राखणाऱ्या फौजेत अकरावी भारतीय ब्रिगेड होती आणि त्या ब्रिगेडमध्ये आपल्या मराठा पलटणीची दुसरी बटालियन. तोब्रुकला सुमारे तेहतीस हजार सैनिक कैदी झाले. त्या उन्हाळ्यात वाळवंटात पकडल्या गेलेल्या हजारो हिंदी सैनिकांना समुद्रापार इटलीत नेण्यात आले. अब्रुत्सी या डोंगराळ प्रांतात आवेत्सानो येथे हिंदी कैद्यांची मोठी छावणी होती. नेपल्सजवळ आवेर्सा येथे हिंदी अधिकाऱ्यांना ठेवले होते.

८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीने शरणागती जाहीर केली. कालपर्यंत जर्मनीचा दोस्त असलेला देश एका रात्रीत जर्मनांच्या ताब्यातला मुलूख झाला. त्या वेळी इटलीत दोस्त राष्ट्रांचे सुमारे ऐंशी हजार युद्धकैदी होते. अनेक छावण्यांवरचे पहारेकरी पळाले. पुष्कळ कैद्यांना जर्मनांनी आगगाड्यांत कोंबून जर्मनीला नेले, पण हजारो जण त्याआधीच डोंगरात निसटले. त्यांत हिंदी जवानही होते. अंगावर खाकी, भाषा येत नाही, रंग सावळा. गोरा इंग्रज उधार कपडे घालून बाजारात एखादवेळ खपून गेला असता. आपल्या माणसाला तेवढीही सोय नव्हती.

त्यांना घरात घेतले ते शेतकऱ्यांनी आणि मेंढपाळांनी. मध्य इटलीत बरीच जमीन अर्ध्या वाट्याने कसली जाई. निम्मे पीक मालकाचे, निम्मे कसणाऱ्याचे. खोत आणि कूळ हे नाते माहीत असलेल्या रत्नागिरीकराला ही व्यवस्था वेगळी समजावून सांगायला नको. अशा घरात आधीच खाणारी तोंडे जास्त, युद्धामुळे धान्याची टंचाई, आणि त्यात हा अनोळखी माणूस. त्याला गवताच्या माळ्यावर, मेंढ्यांच्या वाड्यात, डोंगरातल्या गुहेत लपवायचे. त्याचा गणवेश काढून घरातल्या कुणाचे जुने कपडे द्यायचे. रोजची भाकरी पोहोचवायची.

यात धोका कुणाला किती होता, हे नीट पाहायला हवे. पळालेला कैदी पुन्हा सापडला, तर १९२९ च्या जिनिव्हा करारानुसार त्याला शिस्तभंगाची शिक्षा होऊन तो छावणीत परत जाई. त्याला आसरा देणाऱ्याला मात्र असे कोणतेही संरक्षण नव्हते. कैद्याचा पत्ता सांगणाऱ्याला १८०० लिरा बक्षीस आणि लपवणाऱ्याला मृत्युदंड, असे जर्मनांचे फर्मान होते. ते पोकळ नव्हते. आवेत्सानोपासून फार लांब नसलेल्या अनवेर्सा गावचा मेंढपाळ मिकेले देल ग्रेको याने पळालेल्या कैद्यांना मदत केली, म्हणून २२ डिसेंबर १९४३ रोजी त्याला गोळ्या घालण्यात आल्या.

मग ही माणसे हे का करत होती? एक कारण त्या घरांतल्या आयांना कळत होते. त्यांची स्वतःची मुले इटालियन फौजेत होती. जर्मनांनी शरणागतीनंतर सहा लाखांहून अधिक इटालियन सैनिकांना पकडून नेले होते. आपल्या पोराला कुठेतरी कुणीतरी घास देत असेल, तर आपणही कुणाच्या तरी पोराला द्यावा, एवढा साधा हिशेब.

आणि तसे घडतही होते. १९३९ मध्ये इटलीने अल्बेनिया हा बहुसंख्य मुस्लिम देश बळकावला होता. शरणागतीनंतर तिथले हजारो इटालियन सैनिक निराधार झाले, तेव्हा कालपर्यंत ज्यांच्यावर राज्य केले त्याच अल्बेनियन शेतकऱ्यांनी अनेकांना आपल्या घरात ठेवून घेतले. ८ नोव्हेंबर १९४३ रोजी वाट चुकलेले एक अमेरिकी विमान अल्बेनियात उतरले. आत १३ परिचारिका धरून ३० माणसे होती. खेडोपाडीच्या घरांनी त्यांना जर्मनांपासून लपवत पुढे पुढे पोहोचवले आणि हळूहळू ती सगळी सुखरूप बाहेर पडली.

सूरह तौबाची सहावी आयत आपल्या परिचयाची आहे. विरोधी गोटातला कुणी पनाह मागत आला तर ती द्या, आणि नंतर त्याला त्याच्या सुरक्षित ठिकाणी पोहोचवा, असा तिचा आशय. पनाह मागणारा कोण आहे, पुढे काय करील, याची अट त्यात नाही. ही गोष्ट ऐकायला सोपी, पचवायला कठीण आहे. कशी ते इटलीचाच इतिहास सांगतो.

आवेर्साच्या छावणीत आपले मराठी अधिकारी ए. एस. नरवणे होते. पुढे ते मेजर जनरल झाले आणि त्यांनी आठवणीही लिहिल्या. त्याच छावणीत पी. पी. कुमारमंगलम, याह्या खान आणि साहबजादा याकूब खान होते. हे तिघे पुढे कैदेतून निसटले आणि इटालियन शेतकऱ्यांच्या आसऱ्याने राहिले. याह्या खान दोस्तांच्या फौजेपर्यंत पोहोचले. बाकीचे दोघे पुन्हा पकडले जाऊन जर्मनीत गेले. १९६६ साली कुमारमंगलम भारताचे लष्करप्रमुख झाले आणि त्याच वर्षी याह्या खान पाकिस्तानचे. १९७१ मध्ये याह्या खान यांच्या राजवटीने पूर्व पाकिस्तानात कत्तल केली आणि सुमारे एक कोटी माणसे घरदार सोडून भारतात पनाह मागत आली. ढाक्यातील लष्करी मुख्याधिकारी असलेल्या याकूब खान यांनी त्या कारवाईला नकार देऊन राजीनामा दिला होता.

दोघांनाही इटलीतल्या गरिबांनी वाचवले होते. त्यांचे उपकार एकाच्या वागण्यात दिसले, दुसऱ्याच्या नाही, असे म्हणता येईल. पण त्यामुळे त्या शेतकऱ्यांची कृती कमी-जास्त ठरत नाही. दारात उभा असलेला माणूस थंडीने कुडकुडत होता आणि त्याच्या मागे बंदूक होती. त्यांनी त्या रात्रीचा निर्णय घेतला. पाहुण्याने पुढे आयुष्याचे काय केले, याचा जाब पाहुण्यालाच द्यावा लागेल.

युद्धानंतर दोस्तांनी मदतगारांची नोंद करायला एक आयोग नेमला, थोडी भरपाई आणि फील्ड मार्शल अलेक्झांडर यांच्या सहीचे प्रमाणपत्र दिले. १९८९ मध्ये इंग्रज माजी कैद्यांनी मोन्ते सान मार्तिनो ट्रस्ट स्थापन केला. तो आजही इटालियन तरुणांना इंग्रजी शिकायला शिष्यवृत्ती देतो. २०२३ मध्ये मोन्तोने गावात माणगाव तालुक्यातले व्हिक्टोरिया क्रॉस विजेते नाईक यशवंत घाडगे यांचे स्मारक म्हणून एक सूर्यघड्याळ उभे राहिले. इटलीने आपल्या सैनिकाची आठवण ठेवली. आपल्या सैनिकाला भाकरी देणाऱ्या घरांची आठवण ठेवणे हे आपल्याकडचे देणे आहे.

त्याची सुरुवात आपल्याच घरातून होऊ शकते. कोकणात पलटणीतल्या आजोबा-पणजोबांची पदके, डिस्चार्जचे कागद, एखादा फोटो अजून ट्रंकेत पडून असतो. तो बाहेर काढा. ते कुठल्या बटालियनमध्ये होते, कैदेत होते का, कैदेतून सुटल्यावर कुणाच्या घरी जेवले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि लिहून ठेवा. गावाचे नाव चुकीच्या उच्चारात का होईना, पण लिहा. त्या नावावरून अब्रुत्सीतले एखादे घर अजूनही सापडू शकते.